एका शर्यतीचे तीन वाटेकरी

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील शहरांच्या चौकांत एका नव्या प्रकारच्या फलकाची भर पडली आहे. वाढदिवसांच्या आणि निवडींच्या फलकांच्या रांगेतच, दंडावर क्रमांक रंगविलेल्या आणि घामाने निथळणाऱ्या एखाद्या गृहस्थाचे छायाचित्र असते आणि खाली 'आयर्नमॅन' झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन केलेले असते. गृहस्थ बहुधा डॉक्टर, अभियंता किंवा पोलीस अधिकारी असतो. त्याने 3.8 किलोमीटर पोहून, 180 किलोमीटर सायकल चालवून आणि शेवटी 42.2 किलोमीटर धावून, हे सारे 17 तासांच्या आत, मध्ये न थांबता पुरे केलेले असते. मिलिंद सोमण यांनी 2015 साली, वयाच्या पन्नाशीत, झुरिकला ही शर्यत पार केली तेव्हापासून या शब्दाला आपल्याकडे विशेष तेज चढले. अभिनंदन योग्यच आहे. एवढे कष्ट घेणाऱ्याच्या कौतुकात कोणी कुचराई करू नये.

पण याच शर्यतीच्या मैदानातून, त्याच दिवशी, आणखी काही माणसे घरी परततात आणि त्यांच्यासाठी कोणी फलक लावीत नाही. ती तिघे मिळून एक शर्यत पुरी करून आलेली असतात. एक जण पोहलेला असतो, दुसऱ्याने सायकल चालविलेली असते, तिसरा धावलेला असतो. या प्रकाराला रिले म्हणतात. क्लबातील सोबत्यांनी मिळून असा संघ उभा करावयाचा आणि शर्यतीत उतरावयाचे, ही रीत आता आपल्याकडेही रुजली आहे. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर 2019 च्या ऑक्टोबरात अर्ध्या अंतराची आंतरराष्ट्रीय शर्यत सुरू झाली, तिच्यातही संघांना जागा आहे; तेथे पोहणे 1.9, सायकल 90 आणि धावणे 21.1 किलोमीटर असते. कोल्हापुरात राजाराम तलावाच्या परिसरातही अशा शर्यती भरल्या आहेत. संघातून भाग घेऊन आलेल्या माणसाला कचेरीत किंवा शिक्षकांच्या खोलीत पहिला प्रश्न विचारला जातो तो असा: "म्हणजे तुम्ही तिसराच हिस्सा केलात म्हणा की!" प्रश्न हसत विचारला जातो आणि उत्तरही हसतच दिले जाते. तरीही त्या प्रश्नात एक निवाडा दडलेला आहे. एकट्याने केले तेच खरे, वाटून केले ते अर्धेमुर्धे, हा तो निवाडा. तो कितपत खरा आहे, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

इतिहास पाहू गेल्यास एक गमतीची गोष्ट हाती लागते. ज्या एकाकी पराक्रमापुढे रिलेला कमी लेखले जाते, तो पराक्रम जन्माला आला तोच एका रिलेच्या बक्षीससमारंभात. हवाई बेटांतील ओआहू या बेटाला पाचपाच जणांच्या संघांनी धावत प्रदक्षिणा घालण्याची एक शर्यत असे. 1977 सालच्या शर्यतीच्या बक्षीससमारंभात पोहणाऱ्यांचा क्लब आणि धावणाऱ्यांचा क्लब यांच्यात वाद जुंपला: शरीराने अधिक कणखर कोण, पोहणारा की धावणारा? तेव्हा अमेरिकन नौदलातील जॉन कॉलिन्स यांनी सायकलपटू एडी मेर्क्स याचे नाव पुढे करून वादात तिसरी बाजू आणली आणि तोडगाही सुचविला. बेटावर पोहण्याची, सायकलची आणि मॅरेथॉनची अशा तीन शर्यती होतच होत्या. त्या एकमेकींना जोडाव्यात आणि जो पहिला येईल त्याला आयर्नमॅन म्हणावे. 18 फेब्रुवारी 1978 रोजी 15 जण निघाले, 12 जणांनी अंतर पुरे केले आणि गॉर्डन हॉलर 11 तास 46 मिनिटे 58 सेकंदांत पहिला आला. दुसरा आलेला जॉन डनबार धावताना पुढे होता, परंतु त्याच्या मदतनिसांजवळचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर पाजली, असे सांगतात. एकट्याच्या शर्यतीतही मागे चार माणसे लागतात आणि ती चुकली तर काय होते, याची साक्ष पहिल्याच वर्षी मिळाली म्हणावयाची.

त्याआधी, 1974 च्या सप्टेंबरात, कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे मिशन बे या खाडीवर 46 जणांनी अशी पहिली आधुनिक शर्यत केली होती. तीही एका धावण्याच्या क्लबाने, सरावाचा कंटाळा घालविण्यासाठी काढलेली टूम होती. सांगावयाचे एवढेच की, या खेळाची मुळे क्लबाच्या कट्ट्यावर आहेत. दहापाच सोबती, त्यांच्यातील चुरस, थट्टा, आणि 'बघू या जमते का' ही वृत्ती यांतून तो वर आला. लोहपुरुषाची प्रतिमा, तिचे व्यापारी चिन्ह आणि भरभक्कम प्रवेशशुल्क हे सारे मागाहून आले.

ऑलिंपिकमध्ये हा खेळ सिडनी येथे 2000 साली आला तो वैयक्तिक स्वरूपात. पोहणे दीड, सायकल 40 आणि धावणे 10 किलोमीटर. संघाची शर्यत येण्यास आणखी दोन दशके जावी लागली. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, 31 जुलै 2021 रोजी, दोन स्त्रिया आणि दोन पुरुष अशा चौघांच्या संघांची मिश्र रिले प्रथम झाली. तेथील रीत क्लबांच्या रिलेहून निराळी आहे. चौघांपैकी प्रत्येक जण सुमारे 300 मीटर पोहतो, सुमारे 7 किलोमीटर सायकल चालवितो, दोनएक किलोमीटर धावतो आणि मग पुढच्याच्या हातावर टाळी देतो. म्हणजे कामाची वाटणी नाही. प्रत्येकाने सर्व काही थोडे थोडे करावयाचे. ती पहिली शर्यत ब्रिटनने जिंकली. त्या संघात जोनाथन ब्राउनली हा खेळाडू होता. 2012 साली लंडनला तो तिसरा आला होता, 2016 साली रिओला दुसरा. दोन्ही वेळा पहिला आला तो त्याचा थोरला भाऊ ॲलिस्टर. जे सुवर्णपदक एकट्याच्या जोरावर दोन ऑलिंपिकांत हुकले, ते जोनाथनला तिसऱ्या ऑलिंपिकमध्ये तिघा सोबत्यांसह मिळाले. ते चौथाई सुवर्ण आहे, असे ब्रिटनमध्ये कोणी म्हटल्याचे दिसत नाही.

रिलेच्या विरुद्ध जे बोलले जाते, त्यात तथ्याचा अंश मुळीच नाही असे मात्र नव्हे. ट्रायथलॉनचे मर्म तीन खेळांच्या बेरजेत नसून त्यांच्या सांध्यांत आहे. ओल्या अंगाने पाण्यातून निघून सायकलवर बसणे आणि तासन्‌तास सायकल हाणून शिशासारख्या झालेल्या पायांवर धावू लागणे, या दोन क्षणी खेळाडूची खरी परीक्षा होते. जो फक्त धावण्यापुरता उतरतो, त्याच्या वाट्याला ताजे पाय येतात. त्याने ती परीक्षा दिलीच नाही, असे कोणी म्हटले तर ते नाकारता येत नाही. रिले करून आलेल्याने स्वतःस आयर्नमॅन म्हणवून घेऊ नये, हेही बरोबर. पण त्याने दुसरी एक परीक्षा दिलेली असते. ती फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण ती देताना तो नुसता उभा असतो.

एखाद्या क्लबाचा संघ कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. पोहण्यासाठी महाविद्यालयात शिकणारा एक विद्यार्थी, सायकलीवर बँकेतील कारकून, धावण्यासाठी माध्यमिक शाळेतील मास्तर. पहाटे विद्यार्थी पाण्यात उतरतो. कारकून शिरस्त्राण घालून, हातमोजे चढवून, सायकलींच्या रांगेत आपल्या क्रमांकापाशी उभा राहतो. तो समुद्राकडे पाहतो, पण पाण्यावर दिसतात ती शेकडो सारख्याच रंगांच्या टोप्यांची टोके. त्यांतील आपला कोणता हे कळण्याची सोय नाही. पोहण्याला वेळेची मर्यादा असते. ती ओलांडली गेली तर विद्यार्थ्याबरोबर कारकून आणि मास्तरही बाद. कारकुनाने वर्षभर रविवारच्या झोपेवर पाणी सोडून केलेला सराव, मास्तरांनी सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे बाजूला सारून मारलेल्या फेऱ्या, या साऱ्यांचे भवितव्य त्या घटकेला एका वीस वर्षांच्या मुलाच्या दमश्वासावर टांगलेले असते. त्या दोघांच्या हाती तेव्हा काहीही नसते. रागावताही येत नाही, मदतही करता येत नाही. आणि पाण्यातल्या मुलाच्या मनावर ओझे असते ते निराळेच. एकटा असता तर दमल्यावर हात वर करून तो नावेत चढला असता आणि फारसे कोणी विचारलेही नसते. आता किनाऱ्यावर दोन माणसे त्याच्याकडे डोळे लावून उभी आहेत, हे तो विसरू शकत नाही.

मग तो धावत येतो. घोट्याला वेळ मोजणारी चिप एका पट्टीने बांधलेली असते. मैदानी रिलेत जी दांडी हातोहात जाते, तिची जागा येथे या चिपेने घेतलेली आहे. ती सोडवून कारकुनाच्या घोट्याला बांधावयाची आणि ती बांधली गेल्याखेरीज त्याने सायकल जागची हलवावयाची नाही. थंडीने आणि श्रमाने विद्यार्थ्याची बोटे वळत नाहीत. कारकून वाकून स्वतःच ती पट्टी सोडवितो. एकमेकांना धड नावानेही न ओळखणारी, वयाने आणि पगाराने दूर असलेली दोन माणसे भर गर्दीत एकमेकांच्या पायांशी वाकतात, असा प्रसंग आपल्या व्यवहारात एरवी फारसा येत नाही.

खो-खो खेळलेल्यांना हे नवे वाटू नये. चौकटीत बसलेल्या गड्याने खो मिळेपर्यंत उठावयाचे नाही, उठला तर तो नियमभंग. आणि खो मिळाला की क्षणभरही बसून राहावयाचे नाही. नऊ जणांतील आठ बसलेले आणि एक धावणारा, तरी खेळ नवांचा. 'तू तर बसूनच होतास' असे त्या आठांना कोणी म्हणत नाही. ज्या भूमीत हा खेळ वाढला, त्याचे नियम बांधले गेले, आणि ज्या देशाने 2025 च्या जानेवारीत दिल्लीला त्याचे पहिले विश्वविजेतेपद पुरुष आणि स्त्रिया अशा दोन्ही गटांत मिळविले, त्या भूमीत रिलेला दुय्यम मानले जावे, याचे नवल वाटते. आपली जुनी खेळशिकवण गटाची होती. तालमीत, मंडळात, आखाड्याच्या मातीत एकटा मोठा झालेला गडीही आपल्या तालमीचे नाव आधी सांगत असे. अलीकडे मात्र खेळाच्या क्षेत्रातही स्वतःचे नाव, स्वतःची वेळ आणि स्वतःचे छायाचित्र यांना आलेले महत्त्व इतके वाढले आहे की, क्लब म्हणजे एकत्र नाश्ता करण्याचे ठिकाण एवढाच अर्थ उरावयाचा.

परावलंबनाची किंमत किती कठोर असू शकते, हे पॅरिसला 2024 च्या ऑलिंपिकमध्ये दिसले. सीन नदीच्या पाण्याच्या शुद्धतेवरून तेथे आधीच गदारोळ चालू होता. पुरुषांची वैयक्तिक शर्यत एक दिवस पुढे ढकलावी लागली होती. मिश्र रिलेच्या आदल्या दिवशी बेल्जियमच्या संघातील एक स्त्री खेळाडू आजारी असल्याचे जाहीर झाले आणि बेल्जियमने सबंध संघच मागे घेतला. आजाराचे कारण काहीही असो. तिघे धडधाकट खेळाडू, चार वर्षांची तयारी करून, प्रेक्षकांत बसले. दुसऱ्या दिवशी जर्मनीने शेवटच्या धावेत बाजी मारली. दुसरी अमेरिका की ब्रिटन हे ठरविण्यासाठी छायाचित्र पाहावे लागले, इतके ते दोघे जवळ होते. ज्यांच्या हातून काहीही चुकले नव्हते अशा त्या तिघा बेल्जियन खेळाडूंचे दुःख वैयक्तिक शर्यतीत कोणाच्याही वाट्याला येत नाही. ते सोसण्याची तयारी ठेवूनच माणूस संघात उतरतो. एकट्याच्या पराक्रमात धैर्य लागते हे खरेच. परंतु आपले यशापयश दुसऱ्याच्या हाती सोपविण्यासाठी लागणारे धैर्य कमी प्रतीचे कसे ठरते?

इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्या रिलेचे नियम तर याहून कडक आहेत. प्रत्येकाने ठरलेल्या क्रमाने एकेक तास पोहावयाचे, क्रम बदलावयाचा नाही, आणि एकालाही आपली पाळी पुरी करता आली नाही तर सर्वांची मोहीम संपली. 2018 च्या जूनमध्ये चौघा भारतीय अपंग जलतरणपटूंनी, त्यांत मध्य प्रदेशचे सत्येंद्रसिंह लोहिया होते, या नियमांनी ती खाडी पार केली. त्याच्या तीन वर्षे आधी, 2015 साली, नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा ही सुमारे 4,800 किलोमीटरांची सायकल शर्यत दोघांच्या संघाने, आळीपाळीने सायकल चालवून, नऊ दिवसांच्या आत पुरी करून आले. ती शर्यत पार करणारा तो पहिला भारतीय संघ. एकट्याने ती पुरी करणारे भारतीय 2017 साली आले; त्यांतील एक श्रीनिवास गोकुळनाथ आणि दुसरे नागपूरचे डॉ. अमित समर्थ. आधी संघ गेला, वाट कळली, आणि मग एकटे गेले. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता क्लबाच्या रिलेतील खऱ्या अडचणीकडे वळले पाहिजे. ती अडचण शर्यतीच्या दिवसाची नसून, संघ जमविण्याच्या दिवसाची आहे. कोणत्याही क्लबात धावणारे हवे तितके मिळतात. धावण्यासाठी बुटांपलीकडे फारसे काही लागत नाही. सायकलवालेही मिळतात. मिळत नाही तो पोहणारा. चाळीस सभासदांच्या क्लबात समुद्रात किंवा तलावात दोन किलोमीटर विश्वासाने पोहून येईल असा माणूस शोधू लागावे, तर तो एखादाच निघतो. आणि मग तीन संघ त्याच्या मागे लागतात. रिलेची ही मागणी शहराच्या एका उणिवेवर बरोबर बोट ठेवते. सव्वासातशे किलोमीटरांचा समुद्रकिनारा, नद्यांची रेलचेल आणि धरणांची संख्या मिरविणाऱ्या राज्यातील सुशिक्षित माणसाला पोहता येत नाही, ही गोष्ट लाजिरवाणी असूनही कोणाला तिची लाज वाटत नाही.

एका पिढीपूर्वी खेड्यातील मूल पाठीला पत्र्याचा रिकामा डबा नाही तर वाळलेला भोपळा बांधून विहिरीत ढकलले जाई आणि दोनचार उन्हाळ्यांत सूर मारू लागे. त्या विहिरी आटल्या, बुजल्या किंवा त्यांवर जाळ्या बसल्या. शहरांत नगरपालिकांचे तलाव बांधले गेले. परंतु त्यांची संख्या वस्तीच्या मानाने तोकडी. त्यांतील काही पाणीटंचाईत बंद, काही दुरुस्तीसाठी बंद, आणि जे चालू असतात त्यांच्या वेळा अशा की, शाळेत जाणाऱ्या मुलाला आणि कचेरीत जाणाऱ्या माणसाला त्या सोयीच्या पडू नयेत. उरलेले तलाव गृहसंकुलांच्या आणि जिमखान्यांच्या भिंतींआड आहेत. म्हणून ज्याच्या घरात दोन पिढ्यांपासून पैसा आहे तो पोहू शकतो आणि ज्याच्या घरात नाही तो धावतो. क्लबाच्या रिलेत हे अंतर दर वेळी उघडे पडते.

हा केवळ संधीचा प्रश्न नाही, जिवाचाही आहे. अमेरिकेत 1985 ते 2016 या काळात ट्रायथलॉन चालू असताना झालेल्या मृत्यूंचा आणि हृदयक्रिया बंद पडण्याच्या घटनांचा एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. एकूण 135 घटनांपैकी दोन-तृतीयांश पोहण्याच्या टप्प्यात घडलेल्या होत्या. बळी पडलेल्यांत मध्यमवयीन पुरुषांचे प्रमाण फार मोठे होते. आपल्याकडे या खेळाकडे वळणारा माणूस नेमका त्याच वयाचा आणि वर्गाचा असतो. पंचेचाळिशीत तब्येतीची जाग आलेला, तलावात सहा महिने शिकलेला, आणि उघड्या पाण्याशी कधी गाठ न पडलेला. त्याला लोहपुरुष होण्याची घाई झालेली असते. मित्रांच्या नजरा असतात, चौकातला फलक असतो. अशा माणसाला 'तू यंदा सायकल घे, पाण्यात जो पोहू शकतो त्याला जाऊ दे' असे सांगणारा क्लब त्याचा अपमान करीत नसून त्याच्या घरच्यांवर उपकार करतो. रिलेला पळवाट म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही मांडून पाहावा.

पैशाचा हिशेब याला जोडूनच येतो. हा खेळ महाग आहे. चांगल्या शर्यतीची सायकल शिक्षकाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी असू शकते. प्रवेशशुल्क, प्रवास आणि मुक्काम निराळे. तिघांच्या संघात एक सायकल पुरते, शुल्काची वाटणी होते, आणि गोव्याला जाताना एकाच खोलीत तिघे राहतात. कनिष्ठ मध्यमवर्गाला या खेळाच्या दारातून आत येण्यासाठी आजमितीला एवढी एकच फट उघडी आहे. तीही 'तिसराच हिस्सा' म्हणून हिणवून बंद करावी काय?

स्त्रियांच्या बाबतीत रिलेने काही साधले आहे आणि काही झाकलेही आहे. मुळात या खेळाचा स्त्रियांशी व्यवहार इतरांहून उजळ म्हणावा लागेल. पोहण्याच्या तलावात स्त्रियांना 1,500 मीटरांची ऑलिंपिक शर्यत टोकियोपर्यंत मिळाली नव्हती. पण ट्रायथलॉनमध्ये सिडनीच्या पहिल्याच दिवशी स्त्रिया तेच अंतर उघड्या पाण्यात पोहल्या, आणि पुरुषांची शर्यत दुसऱ्या दिवशी झाली. ती स्त्रियांची पहिली शर्यत स्वित्झर्लंडच्या ब्रिगिट मॅकमहन यांनी जिंकली. आपल्या क्लबांत मात्र मिश्र गट भरून काढण्यासाठी ऐन वेळी एखादी सभासद शोधली जाते, असे पुष्कळदा घडते. ती सापडत नाही याचे आश्चर्य व्यक्त केले जाते. पहाटे पाचला सायकल काढणाऱ्या पुरुषाचा डबा त्याच वेळी कोणी तरी घरात भरत असते, हे त्या आश्चर्यात विसरले जाते. घरातील पहाट जोपर्यंत वाटून घेतली जात नाही, तोपर्यंत शर्यतीतील टप्पे वाटून घेण्यास तिसरी भिडू कोठून यावयाची? क्लबांनी सरावाच्या वेळा संध्याकाळी ठेवून पाहिल्या, तरी पुष्कळ नावे निघतील.

यावर उपाय परदेशी चिन्हाच्या महागड्या शर्यतींत शोधण्याचे कारण नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी, पावसाळा संपता संपता, नगरपालिकेच्या तलावात 400 मीटर पोहणे, मोकळ्या रस्त्यावर 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर धावणे एवढ्या अंतराची रिले सहज भरविता येईल. सायकल कोणतीही चालावी. दूधवाल्याची काळी सायकल घेऊन आलेल्यालाही परत पाठवू नये. संघ शाळांचे, कचेऱ्यांचे, महाविद्यालयांचे, तालमींचे आणि गल्लीतील मंडळांचे असावेत. एका संघात एक तरी भिडू स्त्री असावी आणि एक तरी चाळिशीपुढचा असावा, असा नियम करावा. म्हणजे विद्यार्थ्यांना आपल्या मास्तरांना बरोबर घ्यावे लागेल आणि कारकुनांना आपल्या मुलींना. घड्याळ असले तर उत्तम, चिप नसली तरी हातावर टाळी पुरेल. बंदोबस्तासाठी रस्ता दोन तास बंद करावा लागेल. मिरवणुकांसाठी तो याहून पुष्कळ जास्त वेळ बंद होतच असतो. पाण्यात मात्र काटकसर करू नये. जीवरक्षक आणि डॉक्टर हजर असल्याखेरीज कोणालाही उतरू देता कामा नये.

आणि या सगळ्याला निदान सहा महिने आधी आरंभ करावा लागेल. धावणे दोन महिन्यांत अंगवळणी पडते, सायकल बहुतेकांना येते. पोहणे शिकण्यास वेळ लागतो. त्यासाठी नगरपालिकेचा तलाव संध्याकाळी सहा ते आठ उघडा हवा, आणि त्याची किल्ली सध्या नेमकी कोणाच्या खिशात असते, याचा शोध क्लबांच्या चिटणिसांनी याच आठवड्यात लावला तर बरे होईल.